धर्मशिक्षण बंद करून सहिष्णुता येईल?

ख्रिस्ती शाळांतले धर्मशिक्षण मुलांना एकमेकांपासून तोडते, म्हणून ते बंदच करावे, असे एका लेखात म्हटले आहे. मला हे पटत नाही.

मी वसईची कॅथलिक. आमच्या वर्गात धर्मशिक्षणाच्या तासाला आम्ही एका खोलीत जायचो आणि बाकीच्या मैत्रिणी मूल्यशिक्षणाला दुसऱ्या. तास संपला की डबा एकत्रच. राज्यघटनेच्या कलम 28 नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. हे जिथे पाळले जात नाही तिथे जरूर तक्रार करा, मीही सोबत येईन.

पण श्रद्धा शिकलेले मूल असहिष्णुच होते, असे का धरायचे? 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे जाहीर केले. धर्मशिक्षकांनी हे मुलांना आवर्जून सांगायला हवे. आमच्याकडे ते फार कमी सांगितले गेले, याची खंत वाटते.

केरळमधली यहोवाज् विटनेस या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढले. 1986 मध्ये बिजोए इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. माझ्या पंथाची नाहीत ती, तरी त्या निकालाचा मला फार आधार वाटतो.