मुद्देमाल नष्ट करावा

साताऱ्याचा माझा आतेभाऊ वकील आहे. न्यूयॉर्कच्या कोर्टाची एक बातमी त्यानं आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली. गिल्गो बीचच्या खून खटल्यात मूळ नसलेल्या केसांमधून काढलेला डीएनए पुरावा म्हणून चालेल, असं सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी ठरवलं. खाली त्याचा शेरा: "याला म्हणतात विज्ञान. आपल्याकडे डीएनए जुळूनही सुप्रीम कोर्टानं छावलाचे तिघे सोडून दिले." सगळ्यांनी री ओढली. छावलाचं निकालपत्र एकदा वाचा, एवढंच मी लिहिलं. उत्तर आलं, "तुझं बरं आहे ताई, तू तिकडे आहेस."

मी तिकडे, म्हणजे अमेरिकेत, आहे म्हणूनच हे लिहिते आहे.

आधी छावला. फेब्रुवारी 2012 मध्ये दिल्लीच्या छावला भागातल्या एका 19 वर्षांच्या मुलीला रस्त्यातून गाडीत ओढून नेलं, तिचं प्रेत हरयाणात रेवाडीकडच्या शेतात सापडलं. खालच्या कोर्टानं तिघांना फाशी दिली, हायकोर्टानं ती कायम केली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं तिघांनाही निर्दोष सोडलं. त्या निकालात एका केसाबद्दल लिहिलं आहे. प्रेत जवळपास तीन दिवस, तीन रात्री उघड्यावर पडलेलं असताना आरोपीचा एकच केस अंगावर तसाच राहावा, हे कोर्टाला फार संशयास्पद वाटलं. घेतलेले नमुने 11 दिवस पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते, आणि त्यांत कुणी हात घातला नसेल याची खात्री देता येत नव्हती. डीएनएचा अहवाल कशाच्या आधारे दिला, हे खालच्या दोन्ही कोर्टांनी पाहिलंच नाही. त्या मुलीच्या आईवडिलांच्या पदरी काही पडलं नाही, याचा मलाही संताप येतो. पण त्यांचा न्याय दिल्लीच्या कोर्टात हरवला नाही. तो त्या 11 दिवसांत हरवला.

मी मेरीलँडमध्ये एका प्रयोगशाळेत डीएनए वाचण्याचं काम करते. गुन्ह्यांशी आमचा संबंध नाही, पण केसाचं म्हणाल तर त्यातलं मला कळतं. उपटलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरट गोळा दिसतो. तिथल्या पेशींत माणसाची ओळख पटवणारा पुरेसा डीएनए असतो. गळलेल्या किंवा तुटलेल्या केसाला तशा पेशी जवळजवळ नसतात, आणि गुन्ह्याच्या जागी सापडतात ते बहुतेक असेच केस. त्यांच्या काडीतून इतकी वर्षं फक्त आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए मिळायचा. सख्खी भावंडं, मावशी, मावसभाऊ, सगळ्यांचा तो सारखाच. त्यावरून एखाद्याला बाजूला काढता येतं, नेमकं बोट ठेवता येत नाही. काडीत दुसरा डीएनएही असतो, पण त्याचे तुकडे इतके आखूड झालेले असतात की नेहमीच्या फॉरेन्सिक चाचणीला ते लागू होत नाहीत. कॅलिफोर्नियात सांताक्रूझचे एड ग्रीन पूर्वी निअँडरथलच्या हाडांतला डीएनए वाचत होते. हजारो वर्षं जुन्या हाडांतही असेच आखूड तुकडे उरतात. तेच कसब त्यांनी केसांवर वापरलं, आणि गिल्गो बीचचा पुरावा त्यातूनच आला. आपल्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदेंच्या चमूनं राखीगढीच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातून डीएनए मिळवला, तोही याच जातीच्या तंत्रानं. 2019 मध्ये त्यावरून आमच्याच ग्रुपवर आर्य कुठून आले याची महिनाभर हाणामारी झाली होती. म्हणजे तंत्र आपल्याला परकं नाही, माणसंही आहेत. मग आतेभाऊ कशाचा हेवा करतो?

हेवा करायचाच तर एका वेगळ्या गोष्टीचा करावा. तिची बातमी तो टाकत नाही.

1978 मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका टॅक्सी ड्रायव्हरचा खून झाला. जवळच पायमोज्याचा बुरखा सापडला, त्यात 13 केस. एफबीआयच्या तज्ज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यातला एक सँटे ट्रिबल या 17 वर्षांच्या काळ्या मुलाच्या केसाशी जुळतो म्हणून सांगितलं. सरकारी वकील ज्यूरीला म्हणाले, हा दुसऱ्या कुणाचा असण्याची शक्यता 1 कोटीत एक. 1980 मध्ये शिक्षा झाली. 2012 मध्ये ते 13 केस डीएनएसाठी पाठवले तेव्हा एकही ट्रिबलचा निघाला नाही. एक तर कुत्र्याचा निघाला. तोवर त्याची सुमारे 28 वर्षं तुरुंगात गेली होती. मग एफबीआयनं स्वतःचेच जुने खटले उघडले आणि 2015 मध्ये जाहीर केलं: आरोपीला गुंतवणारी केसांची साक्ष ज्या 268 खटल्यांत तोवर तपासली, त्यांतल्या 257 खटल्यांत ती विज्ञानापलीकडे ताणलेली होती. 28 तज्ज्ञांपैकी 26 जणांनी ती ताणली होती. त्यांत 33 जण फाशीच्या शिक्षेचे होते, आणि नऊ जणांना तोवर मारूनही झालं होतं. एफबीआयबाहेरही हेच झालं: टेक्ससच्या क्लॉड जोन्सला एका दुकानदाराच्या खुनासाठी डिसेंबर 2000 मध्ये मारलं. दुकानातला एक केस त्याचा आहे या साक्षीवर तो खटला उभा होता. 2010 मध्ये कळलं, केस मेलेल्या दुकानदाराचाच होता.

ज्या देशाचं कौतुक चाललं आहे त्याचं हे पाप आहे, आणि ते मी झाकणार नाही. पण 32 वर्षांनी ते बाहेर आलं, कारण निकाल लागून गेल्यावरही ते 13 केस कुणीतरी जपून ठेवले होते. इथेही पुरावे हरवतात, जळतात, फेकले जातात. तरी केंद्रीय खटल्यांत कैदी आत आहे तोवर जैविक पुरावा ठेवला पाहिजे, हा कायदा 2004 मध्ये झाला, आणि शिक्षा झालेल्याला डीएनए चाचणी मागता येईल अशी तरतूद आता पन्नासही राज्यांत आहे.

आणि आपल्याकडे? माझे वडील, अण्णा, कोर्टात नाझर होते. मुद्देमालाची खोली त्यांच्या ताब्यात. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. कापडात शिवलेली गाठोडी, प्रत्येकावर चिठ्ठी, पंचांच्या सह्या, मेणबत्तीवर वितळवलेल्या लाखेवर उठवलेला पितळी शिक्का. पावसाळ्यात भिंतीला ओल यायची, चिठ्ठ्यांची शाई फुटायची. मग अण्णा ती गाठोडी जमिनीवरून उचलून बाकांवर मांडायचे, आणि एकेका चिठ्ठीवरचा नंबर रजिस्टरशी ताडून नव्यानं लिहायचे. कुणी सांगितलं नव्हतं, पगारही त्याचा नव्हता. खटला संपला की निकालपत्राच्या शेवटी ठरलेली ओळ यायची: अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल निरुपयोगी असल्यानं नष्ट करावा. अण्णा तो नष्ट करायचे. हुकूमच तसा. ती ओळ आजही निकालपत्रांत असते, आतेभावानं स्वतः शेकडो वेळा वाचली असेल. त्या गाठोड्यांबरोबर किती केस जळले असतील? कॅलिफोर्नियाची प्रयोगशाळा उद्या साताऱ्यात आणून बसवली, तरी ती वाचणार काय?

काही बदललंय, ते मान्य करते. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं जागेवर गेलं पाहिजे, असं आहे. तामिळनाडूच्या एका खटल्यात जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं घालून दिलं की डीएनएचा नमुना 48 तासांत प्रयोगशाळेत पोचावा आणि तो कुणाच्या हातून कुणाकडे गेला याचं रजिस्टर शिक्षा किंवा सुटका होईपर्यंत ठेवावं. छावलाच्या 11 दिवसांवर हा चांगला इलाज आहे. पण रजिस्टर जिथे संपतं तिथून पुढे ट्रिबलची गोष्ट सुरू होते.

"तू तिकडे आहेस" याचं उत्तर मला देता येत नाही, हेही खरं. रॉकव्हिलच्या कोर्टातून मला ज्यूरी ड्यूटीचं पत्र आलं होतं. दिवसभर बसवलं, प्रश्न विचारले, निवडलं नाही. घरी परतताना वाटत राहिलं की इथे अनोळखी माणसाच्या जन्मठेपेवर माझं मत विचारायला हे लोक तयार आहेत, आणि साताऱ्याच्या ज्या कोर्टाच्या व्हरांड्यात मी मोठी झाले तिथे मला साधं मतही नाही. पासपोर्ट मीच बदलला, तक्रार नाही. पण ट्रिबलचं निकालपत्र मी ऑफिसात जेवताना वाचू शकले. छावलाचं वाचताना रात्रीचे दोन वाजले होते आणि मला पुढची पानं उलटवत नव्हती. मी कुठली आहे हे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावरून कळत नसेल, त्या रात्री मला कळलं.

म्हणून आतेभावाला मी ग्रुपवर नाही, फोन करून सांगितलं. जन्मठेपेच्या अपिलात तू आरोपीतर्फे उभा राहशील तेव्हा एक पानाचा अर्ज कर, की शिक्षा भोगून होईपर्यंत जैविक मुद्देमाल नष्ट करू नये. फिर्यादीचा वकील असशील तरी कर, कारण खरा गुन्हेगार बाहेर असेल तर तोही त्याच गाठोड्यात सापडेल. कोर्टानं फेटाळला तर फेटाळल्याचा कागद तरी राहील. तो म्हणाला, असा अर्ज आमच्याकडे कुणी करत नाही. मी म्हटलं, मसुदा मी आज रात्री पाठवते, सकाळी तुझ्या भाषेत बसव.