‘कातडी रोज मागे करायलाच हवी’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकू,

लहान मुलग्यांच्या शूच्या जागेची काळजी कशी घ्यावी, या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत. तुमच्या दोन्ही मुलांची पुढची कातडी न्हाऊ घालणाऱ्या बाई रोज तेल लावून मागे करायच्या आणि त्यांना काहीच झालं नाही. ‘ओढू नका’ असं सांगून मी आयांना आळशी करतेय, आत घाण साठेल, असं तुम्ही म्हणता. नातू चार वर्षांचा झाला तरी त्याची कातडी मागे जात नाही, डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय, आणि हे सगळं सुनेने लक्ष न दिल्यामुळे झालं, असंही तुम्ही लिहिलंय.

आधी सुनेबद्दल बोलते, कारण तिच्यावर उगाच ठपका येतोय. जन्मतः ही कातडी शिश्नाच्या गोल टोकाला चिकटलेलीच असते, नख खालच्या मांसाला असतं तशी. मूल वाढतं तसं मधलं अस्तर हळूहळू सुटतं आणि कातडीचं तोंड सैल होतं. कुणाचं दोन वर्षांत होतं, कुणाचं बारा वर्षांत. आईने लक्ष दिलं किंवा नाही दिलं, तरी हा वेग बदलत नाही.

मग तीन-चार वर्षांची मुदत आली कुठून? डग्लस गेर्डनर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ साली लिहिलं की नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची कातडी पूर्ण मागे जाते, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्क्यांची. हा दुसरा आकडा अनेक वर्षं डॉक्टरांच्या डोक्यात पक्का बसला. तो फारच आशावादी निघाला. डेन्मार्कच्या याकोब ओस्टर यांनी जवळजवळ दोन हजार शाळकरी मुलं वर्षानुवर्षं तपासून १९६८ साली निष्कर्ष मांडले. सहा-सात वर्षांच्या ६३ टक्के मुलांची कातडी थोडीफार चिकटलेली होती आणि ८ टक्के मुलांमध्ये तोंड अरुंद होतं. सोळा-सतराव्या वर्षी हेच आकडे ३ आणि १ टक्क्यावर आले. तुमच्या मुलांची कातडीही बहुधा वयानेच सुटली असती. श्रेय मात्र तेलाला मिळालं.

ओढण्याने काय होतं ते मी तपासणीत पाहते. आंघोळीला नेलं की रडणारी मुलं असतात. कातडीच्या काठाला बारीक चिरा पडतात, रक्ताचा ठिपका दिसतो. त्या चिरा भरताना व्रण राहतो, तोंड आकसतं, आणि मग जे आपोआप सैल झालं असतं त्यासाठी खरोखरच शस्त्रक्रिया लागू शकते. कधी मागे ओढलेली कातडी पुढे येतच नाही, टोकामागे आवळून बसते आणि टोक सुजतं. अशा वेळी सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

आता घाणीबद्दल. कातडीखाली पांढरे मऊ दाणे दिसतात ते पू नसतात. सुटत चाललेल्या अस्तराच्या त्या मेलेल्या पेशी असतात आणि आपोआप बाहेर येतात. लहानपणी बाहेरून साधं पाणी पुरतं. साबण, जंतुनाशक, तेल, काहीच आत घालू नका. शू करताना कातडी थोडी फुगते, पण धार नीट येत असेल आणि दुखत नसेल तर तेही चालतं.

स्वच्छतेचा तुमचा आग्रह मला मान्य आहे, फक्त त्याची वेळ पुढची. कातडी सहज मागे जायला लागली की मुलाने स्वतःच्या हाताने, आंघोळीत, ती मागे घेऊन पाण्याने धुवायची आणि आठवणीने पुन्हा पुढे आणायची. आपल्या घरांतून हे मुलांना कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वडिलांनी किंवा आजोबांनी न लाजता सांगावं.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं? शू करताना मूल कळवळत असेल, कुंथावं लागत असेल किंवा थेंबथेंब होत असेल, कातडी लाल होऊन सुजली किंवा पू आला, लघवीच्या त्रासाबरोबर ताप आला, तर न्या. तोंडाशी पांढरट, कडक वळं दिसलं तरी न्या. शूचं छिद्र खालच्या बाजूला आणि कातडी फक्त वरून टोपीसारखी असेल, तर सर्जनने पाहिल्याशिवाय सुंता अजिबात करू नका. दुरुस्तीसाठी तीच कातडी लागू शकते.

नातवाला लहान मुलांच्या सर्जनकडे एकदा दाखवा आणि थेट विचारा: व्रण आहे का? वारंवार जंतुसंसर्ग होतोय का? दोन्ही नसेल तर घाई नाही. तोंड नुसतंच अरुंद असेल आणि उपचार करायचाच असेल, तर स्टेरॉइडचं सौम्य मलम चार ते आठ आठवडे लावून बऱ्याच मुलांना फरक पडतो. ते डॉक्टरांनी लिहून दिलेलंच हवं, मेडिकलमधून मनाने आणलेलं नको. कडक पांढरा व्रण निघाला तर मात्र ऑपरेशन टाळू नका. तोवर आंघोळ घालताना त्याची कातडी कुणीही ओढायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना तुम्हीच सांगा. तुमचा शब्द घरात ऐकला जातो, हे तुमच्या पत्रावरून दिसतंच आहे.