वाटेत कोल्हापूरला एक मुक्काम टाकू

ठाण्याहून गाडीने गोव्याला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न रस्त्याचा, आणि तो चटकन सुटतो. कोकणातल्या महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. ते पुरं व्हायची वाट बघायची तर पोरं आपापल्या पोरांना घेऊन गोव्याला जातील. म्हणून शहाणा माणूस पुण्यावरून कोल्हापूर गाठतो, तिथे रात्र काढतो आणि सकाळी आंबोलीचा घाट उतरतो. अवघड असते ती मधली रात्र. ती स्वस्तात कशी काढावी हे मी तुम्हाला सांगतो, कारण मी ती काढली आहे.

तयारीला तीन आठवडे आधी लागा. मोबाईलवर चार ॲप घ्या आणि रोज रात्री जेवणं झाली की चाळीस खोल्यांचे फोटो बघा. फोटोतली खोली लग्नाच्या हॉलएवढी दिसते. फोटो काढणारा त्या वेळी बाथरूममध्ये पाठ भिंतीला लावून उभा होता, हे आपल्याला तिथे गेल्यावर कळतं. रात्री दीड वाजता भाव उतरतात असं तुमच्या मेहुण्याने सांगितलं असेल तर दीडपर्यंत जागा. माझ्याने सांगितलं होतं. तीन आठवडे जागून शंभर-दीडशे रुपये सुटत आले की शेवटी लॉजवर सरळ फोन लावा. "ऑनलाईनला कशाला जातायसा साहेब? डायरेक्ट या की. बाराशेला देतो." एवढ्यात काम होतं. जागरणं फुकट गेली म्हणून हळहळू नका. झोपेला आपल्याकडे भाव नसतो, म्हणून ती हिशेबात धरायची नसते.

तारीख मात्र जपून निवडा. नवरात्रात कोल्हापुरात अंबाबाईशिवाय कुणालाच जागा नसते. 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर हे किरणोत्सवाचे दिवस. मावळतीची किरणं थेट देवीपर्यंत पोचतात की नाही हे बघायला लोक लांबून येतात. मग उरला पावसाळा. जुलैत खोल्या रिकाम्या, भाव पडलेले, मॅनेजर प्रेमळ. फक्त निघण्यापूर्वी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती हे विचारून घ्या: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीपाशी महामार्गावरच पाणी आलं आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या कित्येक दिवस जागच्या जागी होत्या. एका रात्रीच्या मुक्कामाचं नियोजन अशा वेळी थोडं लांबतं.

टोलचीही बचत करून ठेवा. वर्षाचा फास्टॅग पास काढा, त्यात 200 फेऱ्या बसतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो चालत नाही, तिथे वेगळे पैसे द्यायचे आणि विसरून जायचं. पुढे खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. जाऊन-येऊन आठ नाके झाले. म्हणजे पास पुरता वसूल करायला वर्षातून फक्त पंचवीस वेळा कोल्हापूरला जायचं आहे. आम्ही एकदा जाऊन आलो. आता चोवीस राहिल्या.

लॉज मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं घ्या. तिथे भाव कमी असतो. का, ते रात्री दोन वाजता कळतं, जेव्हा ध्वनिक्षेपकावरून एक बाई सांगली विनाथांबाची गाडी कितव्या फलाटावर लागली आहे हे तुमच्या उशीपाशी येऊन सांगतात.

काउंटरवर एक जाडजूड रजिस्टर असेल. त्यात नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण, असं सगळं पाच माणसांचं लिहायचं. 'कारण' या रकान्यात माझ्या वर सगळ्यांनी 'खाजगी' लिहिलं होतं, म्हणून मीही लिहिलं. शेजारी आई आणि दोन मुलं उभी असताना ते बरं दिसलं नाही.

"किती जणं?"

"पाच. दोन लहान आहेत."

मॅनेजरने मुलांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. थोरला बारा वर्षांचा, पण अंगाने माझ्यावर गेलाय. "दोन गाद्या लागतील. चारशे."

"एसी आहे ना?"

"हाय की. रिमोट हितं खाली असतोय. तीनशे."

"आणि गरम पाणी?"

"सा ते आठ. सोलर हाय." मग जरा थांबून, "ऊन पडलेलं असलं तर."

इथे नवख्यांचा गोंधळ होतो. ते बाराशे, चारशे आणि तीनशे यांची बेरीज करतात आणि घाबरतात. बेरीज करायचीच नसते. चारशे गाद्यांचे आहेत, तीनशे हवेचे आहेत. खोली बाराशेलाच पडली. बिल हवं का असं विचारतील, नको म्हणा. बिल घेतलं की वर पाच टक्के जीएसटी, आणि मुख्य म्हणजे आकडा कायमचा कागदावर येतो.

आता जेवण. एवढी मेहनत घेऊन खोलीत वाचवलेले पैसे खानावळीत घालवणं हा शुद्ध करंटेपणा आहे. आम्ही घरून पंचवीस चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पलंगावर वर्तमानपत्र अंथरलं, पाचही जण मांडी घालून बसलो. खिडकी उघडी होती, कारण रिमोट अजून खालीच होता. खाली खानावळ. तिथून मटणाच्या तांबड्या रश्श्याचा वास वर येत होता आणि वाढप्याचा आवाज: "पांढरा कुणाला?" तो दर दोन मिनिटांनी ओरडत होता. धाकटीने विचारलं, "बाबा, पांढरा रस्सा म्हणजे काय?" मी तिला नीट समजावून सांगितलं. नारळाचं दूध, खसखस, मटणाचा अळणी रस्सा, आणि वाटीमागून वाटी हवी तेवढी मागता येते. आईने चपातीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून खिडकीकडे बघत राहिली. बायको काही बोलली नाही. ती बोलली नाही की मी हिशेबाची वही उघडतो.

अकराला थोरल्याला भूक लागली. साडेअकराला सगळ्यांना लागली. खानावळीचं शटर तोवर ओढलं होतं. स्टँडसमोरच्या गाडीवर पाच डबल ऑम्लेट-पाव मिळाले. हे खाणं मुक्कामात धरू नये. ते प्रवासखर्चात जातं.

गाडी लावायची सोय असते, फक्त ती समोरच्या दुकानाच्या दारात असते. दुकान हारफुलांचं निघालं तर तुमची सकाळ पाचला उजाडते. "एमेच शून्य चार कुणाची?" ही हाक मी तिसऱ्या मजल्यावर ऐकली आणि लुंगीवर खाली गेलो. गाडी काढून बिंदू चौकातल्या पार्किंगला लावली. तिथून रिक्षाने परत आलो, कारण लुंगीवर भर शहरातून चालत येणं शोभत नाही. आंघोळीला सहाला पाणी सोडलं ते गार होतं. आदल्या दिवशी ढग होते ना, मॅनेजरने सांगितलं होतंच.

एवढं उरकून तुम्हाला शहर बघायला वेळ राहतो असा समज करून घेऊ नका. आम्ही देवीचं दर्शन मुखदर्शनाच्या रांगेतून घेतलं, उभ्या उभ्या. गंगावेशीत म्हशी समोर उभ्या करून धारोष्ण दूध पेल्यात काढून देतात, ते प्यायचं असं लग्नाआधीपासून ठरलं आहे. ते पुढच्या खेपेला. रंकाळा आंबोलीच्या वाटेवर येत नाही. चपला मात्र घेतल्या. बायकोने चार जोड घेतले, भाव न करता, माझ्याकडे न बघता. मी बाजूला उभा राहून पैसे दिले, आणि त्या चपला कुठल्या खर्चात घालायच्या हे निपाणी येईपर्यंत ठरेना.

गोव्यात पोचलो तेव्हा मेहुणा आधीच येऊन अंगणात खुर्ची टाकून बसला होता. सामान उतरवायच्या आत त्याने विचारलं, "मग, कोल्हापूरला कितीला पडली खोली?"

"बाराशे," मी म्हणालो. आई गाडीतून उतरता उतरता थांबली.

"बाराशे?" तो म्हणाला. "आम्हाला हजारला मिळाली. रात्रभर गरम पाणी होतं."