तुमचा कुत्रा काही करत नाही, मान्य. दाराला कडी घाला.

आज एका केळवणाला चार वर्षांची एक पोरगी अख्खा वेळ सोफ्याच्या पाठीवर चढून बसली होती. खाली त्या घरातला लॅब्रॅडॉर, ब्रूनो. यजमान बासुंदीची वाटी हातात धरून हसतायत, "अगं, काही करत नाही तो!" पोरीचा सख्खा काका मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. शेवटी एका हौशी पाहुण्यांनी तिचं मनगट धरलं आणि हात थेट कुत्र्याच्या डोक्यावर टेकवला. "बघ, गेली की नाही भीती?" पोरगी किंचाळली, तिची आई ओशाळली, आणि 'आजकालची मुलं फार नाजूक' यावर एकमत होऊन मंडळी पुन्हा पानावर बसली.

डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. कुत्रं पाळणाऱ्यांनी आधी वाचा, रुसायचं ते नंतर रुसा.

चार वर्षांचं मूल साधारण 100 सेंटिमीटर उंच, वजन 16 किलोच्या आसपास. लॅब्रॅडॉर नुसता खांद्यापाशीच 55 ते 60 सेंटिमीटर, वजन सहज 30 किलो. म्हणजे त्याचा जबडा तिच्या छातीशी, आणि त्याने लाडात पुढचे पाय टाकले की तोंड थेट तिच्या तोंडासमोर. लहान मुलांना कुत्र्यांच्या जखमा चेहऱ्यावर आणि मानेवर जास्त होतात त्या यामुळेच. आणि चावणारा कुत्रा पुष्कळदा ओळखीचा, घरातला नाहीतर शेजारचा असतो. तेव्हा तिची भीती खुळी नाहीये हो.

आता ब्रूनोचंही ऐका, कारण त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. डोक्यावर हात पडला तसं त्याने तोंड फिरवलं, कान मागे घेतले, जिभेने स्वतःचं नाक चाटलं आणि जांभई दिली. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसत होती. झोप आली नव्हती त्याला, 'पुरे करा' म्हणत होता. शेपटी हलतेय म्हणजे खूश, हे तर डोक्यातून काढूनच टाका. अंग सैल, कंबरेपासून सगळं डुलतंय, तर ठीक. अंग ताठ, शेपटी उंच आणि नुसता शेंडा थरथरतोय, तर मूल लगेच बाजूला घ्या. आणि कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला रट्टा घालू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. मार खाऊन ती सूचना द्यायची बंद झाली की पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.

मग करायचं काय? घाबरणारं मूल येणार असेल तर कुत्रा वेगळ्या खोलीत. दार बंद, कडी लावलेली, कारण पुष्कळ कुत्र्यांना दाराची मूठ खाली दाबून दार उघडता येतं. पण त्याचीही रीत आहे. पाहुणे यायच्या तासभर आधी त्याला अर्धा-पाऊण तास दमदार फिरवून आणा. शी-शू उरकू दे, पाणी पिऊ दे. मग बेल वाजायच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच खोलीत न्या. बेल वाजल्यावर ओढत नेलं की पाहुणे आले म्हणजे आपल्याला कोंडतात, एवढंच तो शिकतो आणि दार ओरबाडत भुंकत बसतो. पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात गच्च भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, खोलीत गेल्यावर द्या. बराच वेळ चाटत बसेल. भातात कांदा-लसूण नको, शिजवलेलं हाड तर अजिबात नको, त्याच्या कपच्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. एरवीही अधूनमधून पाच-दहा मिनिटं त्याला असं एकट्याने बसायची सवय लावा, ऐनवेळी प्रयोग नकोत.

बाल्कनीत टाकू नका. ऊन असतं, आणि काचेतून सगळे दिसत राहतात म्हणून तो आणखी चवताळतो. पॅसेजमध्ये बांधणं त्याहून वाईट. बाथरूमला जाताना पोराला त्याच्या अंगावरूनच जावं लागतं, आणि बांधलेल्या कुत्र्याला मागे सरकता येत नाही म्हणून तो लवकर बिथरतो.

हो, घर त्याचंही आहे. आणि न कळवता टपकणाऱ्या पाहुण्यांचं मी समर्थन करणार नाही, एक फोन करायला काय जातं? पण दोन तास पंख्याखाली दहीभात चाटणं म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा नव्हे. आजच्या घरात तीन बेडरूम होत्या. तीन!

आईबापांनाही दोन शब्द. 'जेव, नाहीतर भूभू येईल' म्हणत वाढवायचं आणि मग ते घाबरतं म्हणून रडायचं, हे बंद करा. कुत्रा जवळ आल्यावर मुलाला झटकन वर उचलू नका. वर गेलेल्या वस्तूवर कुत्रा झेपावतो, मग ती पिशवी असो की तुमचं पोर. उचलायचं तर तो जवळ यायच्या आधी. घरी स्टॅच्यू खेळा: पाय जमिनीला चिकटलेले, हात घडी घालून छातीशी, नजर स्वतःच्या पायाच्या अंगठ्यांवर, तोंड बंद. पळालं आणि किंचाळलं की कुत्रा मागे धावतो, गंमत म्हणून का होईना. गप्प उभ्या मुलाला हुंगून तो बहुधा निघून जातो.

आणि समजा, मुलानेच म्हटलं, मला बघायचाय? उत्तम. मुलाने. तुम्ही नाही, आत्या नाही, बासुंदीवाले काका तर नाहीतच. मूल आधी बसलेलं असू दे. मग घरातला मोठा माणूस कुत्र्याला साध्या चार-सहा फुटी पट्ट्यावर आणेल. तो आपोआप लांबत जाणारा पट्टा नको, त्याला आवर घालता येत नाही. अंतर दहा-बारा फूट. कुत्र्याला खाली बसवायचं, शक्यतो तोंड मुलाकडे नको. मुलाला खाऊ द्यायचा असेल तर त्याने तो मालकाच्या पायाशी टाकावा, तळहातावरून भरवू नये. घाबरलेलं मूल शेवटच्या क्षणी हात वर खेचतं आणि खाऊसाठी कुत्रा हातामागोमाग उडी घेतो, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. पाच मिनिटं झाली की मूल कंटाळायच्या आधी कुत्रा परत आत.

एवढंच. पहिल्या भेटीत हात लावायचा नाही. पुढच्या भेटीत अंतर थोडं कमी, तेही मूल म्हणेल तर. यात महिने जातात, जाऊ देत. हात लावायची वेळ आलीच तर डोक्यावरून नाही, बाजूने खांद्यावर किंवा छातीवर, तीन आकडे मोजून थांबायचं. कुत्रा पुन्हा जवळ सरकला तर आणखी, नाहीतर पुरे. मनगट धरून हात टेकवणं यात कुठेच बसत नाही, कळलं का पाहुणे?

नख लागलं किंवा दात उमटला तर 'काही नाही झालं' करत हळद, चुना लावू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी. त्याचं लसीचं पुस्तक सोबत न्या. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, त्याची आठवण स्वतःहून करा.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. यजमान माणूस वाईट नाही, ब्रूनोवर जीव आहे त्याचा. पुढच्या वेळी आम्ही येऊ तेव्हा निदान कडी तरी लावेल.

हो, एक राहिलं. निघताना सांभाळा. आपल्या निरोपाच्या गप्पा दारात अर्धा तास चालतात. चपलांच्या ढिगात खाली वाकून मूल बुटाचा बंद लावत असतं, आणि 'आता जातच आहेत' म्हणून कुणीतरी खोलीचं दार उघडतं. इतका वेळ आत बसलेला कुत्रा सुसाट येतो तो थेट त्या वाकलेल्या पोरावर. मूल लिफ्टमध्ये शिरून लिफ्टचं दार लागू दे, मग कडी काढा.