पॉइंटरच्या शेपटीतला बिट

पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या आकड्याच्या, खालच्या बिटांत काहीबाही कोंबायची हौस मलाही होती. ऑब्जेक्ट ८ बाइटला अलाइन असला, म्हणजे त्याच्या पत्त्याला ८ने भाग जात असला, की पत्त्याचे शेवटचे तीन बिट कायम शून्य. फुकटची जागा, सोडवते कुणाला! सी मध्ये लिहिलेल्या लिस्टच्या नोडमध्ये 'हा डिलीट झालाय' असा फ्लॅग मी तिथे ठेवला. वेगळा बूल (खरं-खोटं सांगणारा टाइप) ठेवला असता तर पॅडिंगसकट (अलाइनमेंटसाठी सोडलेल्या रिकाम्या जागेसकट) ८ बाइट गेले असते. कॉलर ताठ.

पुढे एका फंक्शनमध्ये तो बिट पुसायचा राहिला. एक्स८६ प्रोसेसरला वाकडा (अलाइन नसलेला) पत्ता सहसा चालतो, त्यामुळे क्रॅश नाही. प्रोग्राम निमूटपणे एक बाइट सरकून वाचत राहिला आणि भलतीकडेच भलते आकडे दिसायला लागले. दोन रात्री गेल्या. कंपायलर बिचारा काय करणार? त्याच्या लेखी तो साधा पॉइंटर. नियम होता तो माझ्या डोक्यात.

रस्ट भाषेतल्या ऑप्शनवर ('किंमत आहे किंवा नाही' सांगणारा टाइप) माझा जीव आहे तो यामुळेच. ६४ बिट मशीनवर साधा बॉक्स (रस्टचा एक पॉइंटर) ८ बाइट, ऑप्शनमध्ये गुंडाळलेला बॉक्सही ८च. बॉक्स कधी नल (शून्य पत्ता) नसतो हे कंपायलरला ठाऊक असतं, म्हणून 'नन'साठी, म्हणजे 'किंमत नाही' यासाठी, तो नलच वापरून टाकतो. साधा यू३२ (३२ बिटांचा आकडा) मात्र ऑप्शनमध्ये घातला की ४ चे ८ होतात, कारण मोकळा आकडाच उरत नाही. नॉनझीरो (कधीच शून्य नसणारा आकडा) घ्या, पुन्हा ४. लबाडी माझ्याच जातीची, पण टाइपमध्ये लिहून ठेवलेली. बिट पुसायला विसरायची सोयच नाही.

जेनेरिकमुळे, म्हणजे कुठल्याही टाइपला चालणाऱ्या कोडमुळे, प्रत्येक टाइपमागे कोडची नवी प्रत निघते, बायनरी फुगते, हे मान्य. पण मला त्याहून खुपतो तो सी++चा बूलचा वेक्टर (वाढती यादी). १९९८च्या स्टँडर्डने तो बिटांत दाबून भरायची मुभा दिली. जागा आठपट वाचते, पण घटकाचा पत्ता मागा, बूलचा पॉइंटर मिळत नाही. ऑटोने (टाइप कंपायलरवर सोपवून) घेतलेली 'प्रत' बदला, मूळ वेक्टरच बदलतो! कुठल्याही टाइपला चालेल म्हणून लिहिलेलं टेम्प्लेट (सी++चं जेनेरिक) नेमकं बूलपाशी अडखळतं.

माझा तो नोड पुढे सी++मध्ये आणला, तेव्हा पॉइंटर आणि फ्लॅग एका छोट्या टेम्प्लेटमध्ये बंद केले. वर स्टॅटिक असर्ट (कंपाइल करतानाच होणारी तपासणी): अलाइनमेंट किमान २ हवी. पहिल्याच बिल्डला तो एका 'char'च्या (एक बाइटचा टाइप, अलाइनमेंट १) पॉइंटरवर ओरडला. तिथेही मीच हौस भागवली होती, आणि साफ विसरलो होतो.