‘लिनक्स टाका, जुना संगणक नवा’ : एक खुलासा

इंदूरच्या मराठी मंडळींत सध्या एक निरोप फिरतोय : विंडोज १० बंद झालं, लिनक्स मिंट (विंडोजऐवजी संगणक चालवणारी दुसरी प्रणाली) टाका, सगळं फुकट नि जसंच्या तसं चालेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट थांबले. संगणक बंद पडलेला नाही. मिंट फुकट आहे, हे खरं. ‘जसंच्या तसं’ ही मात्र थाप. हिशेबाचं टॅली विंडोजसाठीच बनतं. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र मिंटवरच्या लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) उघडलं की रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण ते युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाही. कृतिदेवची फॉन्ट-फाइल मिंटमध्ये टाकली की वाचता येतं. एचपी लेझरजेट १०२० प्रिंटरला एचपीलिपचं (लिनक्सवर एचपी प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) प्लगइन, म्हणजे जोड-फाइल, वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर यादीत दिसूनही कागद सरकत नाही.

आणि वेग? २ जीबी रॅमवर मिंट सुरू होईल, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की संगणक बसलाच. जेल रोडच्या बाजारातून एसएसडी (हार्डडिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) नि जादा रॅम आणा, फरक तिथे पडतो. आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वाय-फाय, प्रिंटर तपासा. इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ (अख्खी डिस्क पुसा) निवडलंत, तर त्याच डिस्कवरच्या डी ड्राइव्हमधले लग्नाचे फोटोही गेले.