रिझ्युमे रोबो फेकत नाही हो, फिल्टर माणूसच लावतो

"तुमचा रिझ्युमे माणसाच्या हातात पोचतच नाही!! ७५ टक्के रिझ्युमे रोबो कचऱ्यात टाकतो!! एचआर तुम्हाला कधीच सांगणार नाही अशी ७ गुपितं" असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. लिंक्डइनवर इंग्रजीत होता तोवर मी स्क्रोल करून पुढे जात होतो, पण आता कुणीतरी त्याचं मराठी करून व्हॉट्सअॅपवर सोडलंय आणि आमच्या आत्याने "बघ गं, तुझ्याच कामाचं आहे" म्हणत तो तिच्या लेकीला पाठवला. ही माझी आतेबहीण हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला होती, प्रोजेक्ट बंद झाला, आधी बेंचवर, म्हणजे कामाविना, बसवली आणि मग "स्वतःहून" राजीनामा द्यायला लावला. तेव्हापासून शोधतेय. सकाळी पाच ठिकाणी अप्लाय करायचं, संध्याकाळपर्यंत फोनकडे बघत बसायचं, मधेच एखादा एचआरचा कॉल येतो, दोन राउंड छान होतात, घरात सगळे खूश, आणि मग समोरून एकदम चिडीचूप. अशा माणसाला "तुझं काही चुकत नाही, रोबो आडवा येतोय" असं कुणी सांगितलं तर ते खरं वाटणारच.

मी एचआरमध्ये नाही, पण टीमसाठी इंटरव्ह्यू घेतो आणि अर्ज ज्या सिस्टिममध्ये येतात, ज्याला एटीएस म्हणतात, त्याचं लॉगिन माझ्याकडे आहे. त्यामुळे हा मेसेज वाचून माझं डोकं फिरलंय, मुद्दे घेऊनच बोलतो.

"७५ टक्के रिझ्युमे रोबो वाचतो आणि रिजेक्ट करतो"

हा आकडा मागे मागे शोधत गेलात तर कुठलाही अभ्यास सापडत नाही, सापडते प्रेपटेल नावाची एक अमेरिकन कंपनी. तिचा धंदा काय, तर रिझ्युमे "सिस्टिममधून पास होईल" असा करून देणे. कंपनी २०१३ च्या सुमारास बंद पडली, आकडा मात्र लेखांतून लेखांत उड्या मारत अजून जिवंत आहे आणि आता आमच्या आत्याच्या फोनमध्ये येऊन बसलाय. म्हणजे औषध विकणाऱ्यानेच आजार किती पसरलाय ते सांगितलं, आणि दुकान बंद होऊन दहा वर्षं उलटली तरी लोक तोच आकडा सांगतायत.

प्रत्यक्षात एटीएस ही बहुतेक ठिकाणी एक नोंदवही असते हो. अर्ज कुणाचा, कधी आला, कुठल्या राउंडला आहे, कोणी काय शेरा मारला, एवढंच. तुम्ही अप्लाय करताना जे ड्रॉपडाऊन भरता ना, नोटीस पिरियड किती, एक्सपिरियन्स किती, पुण्याला यायची तयारी आहे का, एक्सपेक्टेड सीटीसी, म्हणजे वर्षाचा अपेक्षित पगार, किती, खरी चाळणी तिथे लागते. आणि ती चाळणी कुणीतरी माणसाने बसून लावलेली असते. नोकरीडॉटकॉमचंही तेच, रिक्रूटर रेसडेक्स, म्हणजे त्यांचा रिझ्युमेंचा साठा, उघडतो, त्यात अनुभव, शहर, पगार, नोटीस पिरियड असे फिल्टर टाकतो आणि जी नावं वर येतात त्यांना फोन लावत सुटतो, पाहिजे तेवढे मिळाले की थांबतो. चाळिसाव्या नंबरवर तुम्ही असाल तर तुम्हाला कुणी रिजेक्ट केलेलंच नसतं, तुमच्यापर्यंत कुणी आलेलंच नसतं. ऐकायला बरं वाटत नाही, पण त्यात रोबो कुठेय?

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. फिल्टर आंधळे असतात, आणि त्यात चांगली माणसं अडकतात हे खरंय. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अॅक्सेंचरने २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या दोन हजारांवर अधिकाऱ्यांना विचारून एक रिपोर्ट काढला होता. त्यात ८८ टक्के कंपन्यांनी स्वतः कबूल केलं की चांगली कुशल माणसं आमच्या चाळणीतून गळून जातात, का तर जाहिरातीतल्या अटींशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून. आणि जवळजवळ निम्म्या कंपन्या सहा महिन्यांपेक्षा मोठी गॅप दिसली की उमेदवार बाजूला काढतात. रिपोर्टचे मुख्य लेखक जोसेफ फुलर यांनी दिलेलं एक उदाहरण तर भारी आहे, काही हॉस्पिटलांना नर्स हवी होती, काम होतं पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर भरायचं, आणि फिल्टरला टाकलं होतं "कॉम्प्युटर प्रोग्रामिंग". आता बोला. आकडे तिकडचे आहेत, पण इकडच्या जाहिराती वाचल्यात का, पाच वर्षांच्या अनुभवाच्या पोस्टला चौदा टेक्नॉलॉजी मागतात, त्यातल्या निम्म्या टीममध्ये कुणालाच येत नसतात. ही चूक मशीनची नाही, जाहिरात कॉपी-पेस्ट करणाऱ्याची आहे. आणि माणसाने घातलेला घोळ असेल तर दुसऱ्या माणसाला धरून त्यातून वाट काढता येते, तो मुद्दा पुढे येईलच.

"जाहिरातीतले सगळे शब्द पांढऱ्या रंगात रिझ्युमेच्या खाली पेस्ट करा, रोबोला दिसतील, माणसाला नाही"

ही युक्ती ज्याने काढली त्याला माझ्याकडून साष्टांग नमस्कार. अहो, सिस्टिम रिझ्युमे वाचते म्हणजे काय करते? त्यातला रंग, फॉन्ट, डिझाइन सगळं उडवून नुसता मजकूर काढून घेते. मग तो मजकूर आमच्या स्क्रीनवर साध्या काळ्या अक्षरात येतो. म्हणजे जे लपवलंय तेच सगळ्यात उघडं पडतं! मागे एका उमेदवाराचा असाच अर्ज आला होता, रिझ्युमे नीटनेटका, दोन पानांचा, आणि डिक्लरेशनच्या खाली नऊ-दहा ओळींचा ढीग, त्यात आमचीच जाहिरात जशीच्या तशी, "उमेदवाराकडे उत्तम संवादकौशल्य असावे" या वाक्यासकट. पीडीएफ उघडून कंट्रोल ए दाबलं तर मोकळ्या पांढऱ्या जागेत निळे पट्टेच पट्टे. मुलगा तसा बरा वाटत होता, पण पॅनेलमधल्या एकाने मुद्दाम त्या ढिगातला कुबरनेटिस (सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवायचं एक टूल) उचलला आणि त्याच्यावरच प्रश्न विचारत राहिला. पोराचा चेहरा बघवत नव्हता. जे त्याला खरंच येत होतं त्याबद्दल विचारायला वेळच उरला नाही.

जाहिरातीतला शब्द आणि तुमचं काम खरंच जुळत असेल तर तोच शब्द सरळ काळ्या अक्षरात लिहा की. तुम्ही "स्वयंचलित चाचण्या" केल्यात आणि जाहिरातीत सेलेनियम, म्हणजे त्याच कामाचं टूल, म्हटलंय, तर सेलेनियम लिहा. त्यात गुपित कसलं डोंबलाचं.

"गॅप दिसू देऊ नका, कन्सल्टन्सीकडून एक्सपिरियन्स लेटर घ्या, सगळे घेतात"

खरं तर ह्या एका ओळीसाठी मी एवढं टाइप करायला बसलो. बाकीच्या गुपितांनी फार तर वेळ वाया जाईल, हिच्यापायी पोरीचं करिअर बसेल. आणि मेसेजमध्ये ही ओळ इतकी सहज लिहिलीय, जसं काही कोपऱ्यावर झेरॉक्स काढून आणायचीय.

गॅप नडते हे मी वर मान्य केलंच आहे. पण तिच्यावर हा उपाय? असं खोटं लेटर देणारे आहेत, मला माहितीये, हैदराबाद-बंगळुरूपासून आपल्या पुण्यापर्यंत सगळीकडे आहेत. नुसतं लेटर हवं तर एक रेट, सॅलरी स्लिप आणि बँक एंट्रीसकट दुसरा, आणि "पीएफसकट" हवं तर तिसरा. हा तिसरा रेट का निघाला याचा जरा विचार करा. कारण आता चेक तिथेच होतो. ऑफर मिळाली की कंपनी तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागते, त्यावर ईपीएफओची, म्हणजे पीएफ ऑफिसची, सर्व्हिस हिस्ट्री दिसते, कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सुटलात, तारखांसकट. वर इन्कम टॅक्सचा फॉर्म २६ एएस मागतात, त्यात कुणी तुमच्या पगारातून टीडीएस, म्हणजे टॅक्स, कापला ते नावासकट येतं. लेटरहेड कितीही चकचकीत असू दे, ह्या दोन कागदांत ती कंपनी नसली की प्रश्न सुरू होतात. आणि पीएफ भरणारी बोगस कंपनी असली तरी बॅकग्राउंड चेक करणाऱ्यांकडे अशा संशयित कंपन्यांच्या याद्या असतात, एकाच छोट्या ऑफिसच्या पत्त्यावरून धडाधड "सीनियर इंजिनियर" बाहेर पडायला लागले की ते नाव यादीत जातं.

आणि हे "होऊ शकतं" म्हणून सांगत नाहीये. नोव्हेंबर २०२२ मध्ये अॅक्सेंचर इंडियाने जाहीर सांगितलं की बोगस कंपन्यांची कागदपत्रं आणि एक्सपिरियन्स लेटर लावून नोकरी मिळवायचा प्रकार आम्हाला सापडला आणि ज्यांनी हे केल्याचं नक्की झालं त्यांना काढलंय. (हो, तीच अॅक्सेंचर, जिचं नाव वरच्या रिपोर्टवर आहे. गॅपवाले विनाकारण गळतात हे सांगणारीही तीच आणि गॅप बुजवणाऱ्यांना काढणारीही तीच. दोन्ही खरं असू शकतं.) यातली खरी गोम अशी की हे बऱ्याचदा जॉइन झाल्यावर उघडं पडतं. तोवर तुम्ही फ्लॅट बघितलेला असतो, एखादी दुसरी ऑफर नाकारलेली असते, आणि मग एके दिवशी मीटिंगला बोलावून लॅपटॉप जमा करा म्हणतात. त्यानंतरच्या रिझ्युमेवर त्या नोकरीचं काय लिहिणार? पुन्हा कन्सल्टन्सीकडे जाणार?

त्यापेक्षा सरळ एक ओळ लिहा, अमुक महिन्यात प्रोजेक्ट बंद झाल्याने नोकरी सुटली, त्यानंतर टेस्टिंगचं आयएसटीक्यूबी सर्टिफिकेट केलं, किंवा काही केलं नसेल तर नोकरी शोधतेय. २०२२ नंतर आयटीत इतक्या लोकांचं हे झालंय की इंटरव्ह्यूला समोर बसलेल्या माणसाच्या घरातही एखादा असाच घरी बसलेला निघेल.

"८० टक्के नोकऱ्यांची जाहिरातच येत नाही"

हाही आकडा असाच बेवारस, ७० पासून ८५ पर्यंत ज्याला जो आवडेल तो टाकतात. पण ओळखीने फरक पडतो हे खरं, आणि मघाशी जो मुद्दा पुढे येईल म्हटलं तो हाच. रेफरलने, म्हणजे कंपनीतल्याच कुणी पुढे केलेला, रिझ्युमे माणूस उघडतो, गॅपचा फिल्टर लावायच्या आधी. रेफर करणाऱ्याला कंपनी बोनस देते, त्यामुळे जुन्या टीमलीडला मेसेज टाकायला लाजायचं काही कारण नाही, तुम्ही त्याच्यावर उपकार करताय असं समजा. आमच्या ताईसाहेब नेमक्या इथेच अडून बसल्यात, "त्यांना काय वाटेल" म्हणून. अगं वाटू दे ना.

"रिक्रूटर फक्त ६ सेकंद बघतो"

द लॅडर्स नावाच्या जॉब साइटने २०१२ मध्ये ३० रिक्रूटरांवर केलेला प्रयोग आहे हा, आणि २०१८ मध्ये त्यांनीच ते ७.४ सेकंद केलं. पहिली नजर झटपट फिरते हे बरोबर, मीही तेच करतो. म्हणून हल्लीचं काम वर लिहा आणि वडिलांचं नाव, मॅरिटल स्टेटस, "वाचनाची आवड" काढून टाका. विषय संपला.

"रोज सकाळी ९ च्या आत प्रोफाइल अपडेट करा"

चला, हे एक बऱ्यापैकी बरोबर निघालं. रेसडेक्समध्ये उमेदवार अलीकडे कधी अॅक्टिव्ह होता त्यावर फिल्टर लावता येतो, त्यामुळे प्रोफाइल धूळ खात पडू देऊ नका. ९ चा मुहूर्त कुठून आला देव जाणे.

"आधी राजीनामा टाका, मगच कॉल येतात"

नव्वद दिवसांच्या नोटीसवाल्याला कमी कॉल येतात, तीसच दिवस उरलेल्याला जास्त, एवढं खरं. पण हातात ऑफर नसताना, घराचा हप्ता चालू असताना हे करायला सांगणारा तुमचा हप्ता भरणार आहे का, ते आधी विचारा.

"एटीएस प्रूफ रिझ्युमे आणि गुप्त जॉब्ससाठी आमचा प्रीमियम ग्रुप जॉइन करा, खाली क्यूआर कोड"

शेवटचं गुपित हे! वरच्या सगळ्यांचा खटाटोप कशासाठी होता ते इथे कळलं. रिझ्युमे लिहून द्यायचे पैसे घेणं गुन्हा नाही, ज्याला द्यायचेत त्याने द्यावेत, माझं म्हणणं एवढंच की तेवढं काम तुमचा एखादा जुना सहकारी चहावर करून देईल. पण अशा ग्रुपमधून पुढची पायरी बहुतेकदा ठरलेली असते, "सिलेक्शन झालंय, लॅपटॉपचं सिक्युरिटी डिपॉझिट भरा", "ऑफर लेटरची प्रोसेसिंग फी", "ट्रेनिंगचे रिफंडेबल पैसे". कुठलीही खरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. भरून बसला असाल तर लाजत घरी बसू नका, लगेच १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती, जितक्या लवकर कळवाल तितके पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त. क्यूआरचा स्क्रीनशॉट, चॅट आणि यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर जपून ठेवा, तक्रार नोंदवताना लागतो.